वानोळ्यात गेलेला तुल्पार

"माझा डबा कुठाय?"

तोलगानाय स्वयंपाकघरातल्या ओट्यावरच्या डब्यांची झाकणं धडाधड उघडत सुटली होती. एकात बटाट्याचं सॅलड, दुसऱ्यात तळलेले बाउर्साक, तिसऱ्यात नुसत्या काकड्या!

"अरे, कुणी सांगेल का? पांढरा डबा! आइस्क्रीमचा! झाकणाला भोकं पाडलेला!"

कोण सांगणार? अंगणात निरोपांची नुसती झुंबड उडाली होती. तिच्या भावाचा मुलगा आल्दियार पहिली पावलं टाकायला लागला होता, म्हणून दुपारी त्याच्या पायांना बांधलेला दोरा कापायचा सोहळा झाला आणि अर्धं तालगार गाव जेवून गेलं. आता गाड्या सुरू होत होत्या, म्हाताऱ्या एकमेकींचे मुके घेत होत्या, आणि एकदा निरोप घेऊन झालेले पाहुणे फाटकाशी जाऊन पुन्हा पहिल्यापासून निरोप घेत होते. आमच्याकडे पाहुणा उठला म्हणजे लगेच गेला असं समजायचं नसतं!

"अगं, तुल्पार होता त्यात!" तोलगानाय रडकुंडीला आली.

तुल्पार म्हणजे गोष्टींमधला पंखांचा घोडा, वाऱ्याच्याही पुढे धावणारा. आणि तोलगानायचा तुल्पार म्हणजे एक आफ्रिकन गोगलगाय! मोठ्या माणसाच्या मुठीएवढा तपकिरी पट्ट्यांचा शंख, आणि काकडीची एक चकती संपवायला अर्धी संध्याकाळ. नाव ऐकून कुणी हसलं की तोलगानाय भांडायला उठायची. का नाही उठणार? शाळेतल्या जीवशास्त्राच्या बाईंनी वर्गात अंडी वाटली होती, वाटाण्याच्या दाण्याएवढी. बाकी सगळ्यांची वाळली, नाहीतर बुरशी येऊन गेली. एकट्या तोलगानायच्या अंड्यातून पिल्लू निघालं. तेव्हापासून ती रोज त्याच्या काचपेटीतल्या मातीवर पाणी फवारायची, अंड्याची टरफलं कुटून खायला घालायची, रविवारी तळहातावर घेऊन कोमट पाण्यानं आंघोळ घालायची. तिच्या हाताचा वास आला की तुल्पार शिंगं बाहेर काढायचा. दुसऱ्या कुणासाठी काढत नसे.

आज सकाळीच आई म्हणाली होती, "तुझी खोली पाहुण्यांना लागणार. ते काचेचं प्रकरण माळ्यावर टाक. विहीणबाईंनी बघितलं तर जेवणावरची वासना उडेल त्यांची!" म्हणून तोलगानायनं डब्यात ओलं शेवाळ घातलं, त्यात तुल्पारला ठेवलं, वर कोबीचं एक मोठं पान पांघरलं आणि डबा खिडकीत सावलीला ठेवला. आणि आता खिडकी रिकामी!

"तोलगा! इकडे ये!" मागच्या दारातून विका ओरडली. विका त्शोय म्हणजे शेजारची, तोलगानायच्याच वर्गातली. खरकट्या भांड्यांच्या ढिगाऱ्यातून तिनं एक झाकण वर काढलं होतं. पांढरं. मध्ये खिळ्यानं पाडलेली भोकं!

"झाकण इथे आहे, डबा नाही," विका म्हणाली. "म्हणजे तुल्पार पळाला नाही. गोगलगाय पळाली तर डबा मागे ठेवून पळेल ना?"

"आणि पळाली तरी अजून खिडकीतच असती," मेइरबेक म्हणाला. मेइरबेक तोलगानायचा आतेभाऊ. त्याला गप्प बसणं जमत नसे.

"गप रे! म्हणजे झाकण कुणीतरी बदललं. कोण होतं इथे?"

तिघांच्याही माना एकदमच वळल्या. इथे सबंध दुपार मेइरबेकची आई गुल्झान ताते पिशव्या भरत होती!

"हो, मीच बदललं!" ताते हात पुसत म्हणाली. "अगं, भोकं होती त्याला! गाडीत रस्सा सांडला असता. चांगलं घट्ट झाकण लावून दिलं, टिचकी मारली तरी उघडायचं नाही!"

"दिलं? कुणाला दिलं?"

"सरकित म्हणून."

झालं! सरकित म्हणजे मेजवानीचा वानोळा. आमच्याकडे पाहुणा रिकाम्या हातानं गेला तर यजमानाला रात्रभर झोप लागत नाही. मांस, गोड, फळं, जे उरेल ते पिशवीत कोंबायचं आणि गाडी सुटता सुटता खिडकीतून आत ढकलायचं!

"आई, तू आत बघितलं नाहीस?" मेइरबेकनं कपाळावर हात मारला.

"वर हिरवं पान होतं. सॅलड असेल म्हटलं. मला हात दोन आणि पाहुणे ढीगभर! पांढरे डबे दोघींनाच दिले. एक उल्बोसिन आपांना, आणि एक…" तातेचा आवाज एकाएकी बारीक झाला. "राबिगा विहीणबाईंना."

आई दारातच उभी होती. ती मटकन स्टुलावर बसली.

"आई, फोन कर ना! लगेच!"

"वेड लागलंय? दिलेला वानोळा परत मागायचा? तोही विहिणीकडे? नातवाच्या पहिल्या पावलांचा? आणि सांगू काय, 'विहीणबाई, जरा जपून, तुमच्या सॅलडमध्ये किडा आहे'?"

"तुल्पार किडा नाहीये!"

"किडाच तो," कोपऱ्यातून अझे म्हणाली. अझे म्हणजे तोलगानायची आजी. तिचं अर्धं आयुष्य मेंढ्यांमागे डोंगरात गेलेलं. "जनावर म्हणजे मेंढी, घोडा, उंट. हे काय? ना लोकर, ना दूध, ना पाय!"

"पण लोक वानोळा फ्रीजमध्ये ठेवतात गं, आई!" तोलगानायचा आवाज फाटला. "त्याला थंडी सोसत नाही! आणि झाकण घट्ट आहे! तो मरेल!"

मग आई नजर चुकवत म्हणाली, "मरू दे… म्हणजे तसं नाही गं, मी अल्माटीहून दुसरी आणून देईन. पण कुणी काही परत मागितलेलं मला चालणार नाही. एक शब्द नाही! कळलं?"

दुसरी आणून देईन! तोलगानाय ताडकन बाहेर निघून गेली.

बाहेर पाटाच्या काठावर ती येरझाऱ्या घालत होती. तिकडे, इकडे, तिकडे, इकडे.

"बसशील का जरा? मला गरगरायला लागलंय," मेइरबेक म्हणाला. "ऐक. मामी काय म्हणाली? परत मागायचं नाही. बरोबर? पण आणखी द्यायचं नाही, असं म्हणाली का?"

"म्हणजे?"

"म्हणजे आपण जायचं आणि सांगायचं, 'आपा, चुकून साधा डबा आला तुमच्याकडे, हा घ्या खासा!' चांगला डबा द्यायचा, आपला घ्यायचा. मागितलं कुठे? बदललं!"

विकानं त्याच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. "मेइरबेक, तुला डोकं आहे?"

"मधूनमधून असतं."

घोड्याच्या मांसाचे जाड, चरबीदार काप भरून दोन डबे तयार झाले. कुणी पाहायच्या आत तीन सायकली फाटकाबाहेर!

आपा म्हणजे वडीलधारी बाई. उल्बोसिन आपांचं घर जवळ होतं. पण जवळ असून उपयोग काय? "आत्ता निघतो आपा, उभ्या उभ्या आलोय," असं म्हणायची खोटी, तिघं टेबलाशी बसलेसुद्धा होते! पाव, साय, जर्दाळूचा मुरंबा, आणि चहा. चहा कसा? आमच्या रीतीप्रमाणे, वाडग्याच्या तळाशी घोटभर. थोडा ओतायचा, म्हणजे पाहुण्यानं पुन्हा पुन्हा मागावा आणि आपण पुन्हा पुन्हा ओतावा. वाडगा काठोकाठ भरून दिला तर त्याचा अर्थ, आता उठा!

"तुझी अझे कशी आहे? गुडघे कसे आहेत तिचे?"

"बरे आहेत, आपा." तोलगानाय टेबलाखाली पाय हलवत होती.

"आणि मेंढ्या?"

"त्याही बऱ्या आहेत!"

"आपा, मी पाणी पिऊन येतो," असं सांगून मेइरबेक आत सटकला. आत फ्रीजचं दार वाजलं. तो परत आला आणि दारातूनच त्यानं मान हलवली. त्या डब्यात खरंच सॅलड होतं!

तोलगानाय अर्धी उठली. आपांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि घोटभर चहा ओतला. आता आली पंचाईत! पहिलाच घोट झाला नाही तर दुसरा हजर. तेवढ्यात विका उठली.

"आपा, तुम्ही बसा. सगळ्यांत धाकटी मी, चहा मी ओतते!"

"किती गुणी पोर!"

गुणी पोरीनं तिन्ही वाडगे काठोकाठ भरले. पार सांडेपर्यंत!

आपांनी वाडग्यांकडे पाहिलं, विकाकडे पाहिलं, आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "पाहुण्यांनीच स्वतःला हाकललेलं मी पहिल्यांदा बघतेय! घाई असेल तर तोंडानं सांगावं की गं! पळा!"

खासा डबा त्यांच्या हातात कोंबून तिघं पळाली.

विहीणबाईंचं घर वर, नदीकडच्या चढावर. ऊन उतरत होतं, आणि तोलगानायच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. फ्रीजच्या अंधारात, बंद डब्यात, एकटा तुल्पार. पायडल मारून मारून तिच्या पायांत गोळे आले, पण ती थांबली नाही.

राबिगा आपा म्हणजे वहिनीची आई, उंचपुरी, धिप्पाड बाई. सफरचंदांच्या बागा स्वतः सांभाळायच्या, जीप स्वतः चालवायच्या, आणि बोलायला लागल्या की बाजारातले पुरुषसुद्धा बाजूला सरायचे. त्या ओसरीत पाय पसरून बसल्या होत्या.

"आपा, चुकून तुमच्याकडे साधा डबा आला," मेइरबेकनं पाठ केलेलं सुरू केलं. "हा खासा—"

"साधा?" राबिगा आपांच्या भुवया वर गेल्या. "म्हणजे तुझ्या मामीनं मला आधी साधा दिला? मुलीच्या आईला? आणि खासा कुणाला गेला होता रे? नाव सांग!"

मेइरबेकचं डोकं नेमकं त्याच वेळी बंद पडलं. "नाही… म्हणजे… साधा असा नव्हे… जिवंत होता."

"काय?"

विकानं डोळे मिटून घेतले. आता संपलं! सोयरीक मोडणार, वहिनी माहेरी येणार, आणि तिघांना घरात कुणी घेणार नाही!

तोलगानाय पुढे झाली. "आपा, त्या डब्यात माझी गोगलगाय आहे. मी अंड्यापासून वाढवलीय. आईची काही चूक नाही. तिनं मला मागायचं नाही म्हणून सांगितलं होतं, तरी मी आले. तुम्ही मला हवं तेवढं रागवा. पण आधी तो फ्रीजमधून काढा हो! तो मरेल!" आणि इतका वेळ आवरून धरलेलं रडं फुटलं.

राबिगा आपांनी पसरलेले पाय आवरून घेतले.

"डबा इथे नाही," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे कामाला असलेला नुर्ताय ट्रक घेऊन वर कुरणावर चाललाय, माझ्या नवऱ्याकडे. म्हटलं, नातवाच्या सोहळ्याचा घास आजोबाला नको? दिला त्याच्याबरोबर. बर्फाच्या पेटीत ठेवायला लावला. मीच!"

"बर्फात!" विका किंचाळली.

"रडतेस काय? त्यानं काय होणार?" राबिगा आपा उठल्या. डोक्याचा रुमाल त्यांनी करकचून बांधला. "गाडीत बसा. तिघं. बघता काय, चला!"

जीप घाटात शिरली. फोन लावून पाहिला, लागेना. एका वळणावर मेंढ्यांचा कळप रस्ता अडवून उभा. राबिगा आपांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून मेंढपाळाला असं काही सुनावलं की मेंढ्यांआधी तोच बाजूला झाला!

"नाव काय त्याचं?" त्यांनी मध्येच विचारलं.

"तुल्पार," तोलगानाय पुटपुटली. आता हसतील, असं तिला वाटलं.

पण आपा हसल्या नाहीत. "घोडा की घोडी?"

"दोन्ही. गोगलगाय नरही असते आणि मादीही. एकच जण."

"बरंय की! भांडणच नाही!" आणि त्यांनी गाडी आणखी दामटली.

"तो बघा ट्रक!" मेइरबेक ओरडला.

झऱ्याजवळ ट्रक उभा होता. सावलीत एका दगडावर नुर्ताय ऐसपैस बसला होता. मांडीवर पांढरा डबा, उजव्या हातात चमचा, आणि डाव्या हातात मिठाची पुडी! वाटेत एखादा घास खाल्ला तर कुणाला कळणार, असा त्याचा सरळ हिशेब. कोबीचं पान त्यानं बाजूला केलं होतं, आणि चमच्यानं तो शंखावर टकटक करत होता.

"केवढा हा बटाटा! उकडायचा राहिला वाटतं. मीठ टाकून बघतो—"

"मीठ नको!" तोलगानाय गाडी थांबायच्या आतच उडी मारून धावली. "मीठ नको! मीठ टाकू नका! मिठानं मरेल तो!"

नुर्ताय इतका दचकला की चमचा झऱ्यात आणि पुडी गवतात! "मी नाही… मी फक्त… खराब झालंय का बघत होतो!"

"आजोबाचा घास चोरतोस, गाढवा? घरी ये, मग बघते!" राबिगा आपा गरजल्या.

तोलगानायला काही ऐकू येत नव्हतं. तिनं तुल्पारला दोन्ही हातांत घेतलं. शंख बर्फासारखा गार. आत, खूप आत, तो आक्रसून बसला होता. तिनं फुंकर घातली. हाक मारली. आपलं बोट शंखाच्या तोंडाशी धरलं. एरवी तिच्या बोटाच्या वासानं तो बाहेर यायचाच.

तुल्पार हलला नाही.

"मेला?" मेइरबेकनं हळूच विचारलं. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"माहीत नाही. ऊब पाहिजे. पण सावकाश. एकदम गरम झालं तरी तो जाईल."

राबिगा आपांनी जीपचा हीटर लावला. भर जुलैमध्ये! काचा बंद. घामानं सगळ्यांचे कपडे चिकटले, मेइरबेकचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला, पण खिडकी उघड असं कुणी म्हणालं नाही. तोलगानाय शंख पोटाशी धरून बसली होती आणि रस्ता काही केल्या संपत नव्हता.

फाटकात जीप थांबली आणि आईनं राबिगा आपांना उतरताना पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक! "विहीणबाई, मी… पोरांनी काही…"

"ते मागाहून," राबिगा आपा म्हणाल्या. "आधी पोरीला आत जाऊ द्या."

"पाणी तापवू का?" आई गोंधळून म्हणाली.

"नको! गरम पाणी नको!" तोलगानाय ओरडली. "शंख धरून धरून माझे हातच गार पडलेत, मी काय करू? अझे, काय करू गं?"

अझेनं चहाचा वाडगा खाली ठेवला. तिनं तोलगानायच्या हातातला शंख घेतला, गालाला लावून पाहिला, आणि मग आपल्या मखमली बंडीची बटणं सोडली. शंख तिनं आत ठेवला, अगदी छातीशी, आणि बटणं पुन्हा लावून टाकली.

"अझे?"

"वसंतात अवचित बर्फ पडतो. नवी कोकरं गारठून दगड होतात. त्यांना शेकोटीजवळ नाही ठेवत. अंगाशी धरायचं असतं. मी किती तरी धरलीयेत. आता गप्प बसा सगळे, त्याला हादरे बसतील."

कुणाचंच कुठे लक्ष लागेना. आई उगीचच टेबल पुसत होती, तेच टेबल, पुन्हा पुन्हा. गुल्झान ताते नखं खात होती. मेइरबेक दारापर्यंत जायचा आणि परत यायचा. राबिगा आपांसमोरचा चहा निवून गेला, तरी त्यांनी हात लावला नाही. तोलगानाय अझेच्या पायाशी बसली होती, त्या बंडीकडे डोळे लावून. बंडी अझेच्या श्वासाबरोबर वरखाली होत होती, बस. बाकी काही नाही.

बाहेर सावल्या लांबल्या. विकानं हळूच तोलगानायचा हात धरला.

"अगंबाई!" अझे एकदम ताठ झाली.

"काय झालं? काय झालं?"

"हलू नका! कुणी हलू नका! अगं, चालतंय! माझ्या गळ्यावर चढतंय! कसं गार गार… मेलं गुदगुल्या करतंय!"

बंडीच्या गळ्यातून आधी एक शिंग वर आलं. थांबलं. मग दुसरं. मग आपलं राखाडी अंग सावकाश, अगदी सावकाश लांबवत तुल्पारनं तोंड बाहेर काढलं आणि तो अझेच्या हनुवटीखाली जाऊन विसावला.

तोलगानाय हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना. मेइरबेक अंगणात जाऊन नाचायला लागला. आईनं लेकीला जवळ ओढलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसून म्हणाली, "चुकलं गं माझं. दुसरी आणून देईन म्हणाले मी. असं कसं बोलले?"

"विहीणबाई," राबिगा आपा जरा खाकरून म्हणाल्या, "मला फोन केला असता तर मी चावले असते का? जाऊ दे. माझी मुलगी कसल्या घरात दिलीय ते आज कळलं. या पोरीला माझी भीती वाटत होती, तरी समोर उभी राहून खरं बोलली. आणि ही दोघं तिला सोडून घरी गेली नाहीत. अशी पोरं ज्या घरात आहेत तिथे माझा नातू वाढतोय. मला आणखी काय पाहिजे?"

मेइरबेकनं नाचता नाचता कान टवकारले. "आपा, हे जरा पुन्हा सांगाल? आईनं नीट ऐकलं नसेल!"

सगळे खो खो हसले. अझेला मात्र हसता येत नव्हतं, कारण गळ्यावर तुल्पार होता. मान ताठ ठेवून, ओठ न हलवता ती म्हणाली, "सुयिंशी!"

आनंदाची बातमी ज्यानं पहिल्यांदा दिली, त्यानं 'सुयिंशी' म्हणायचं, आणि मग तो जे मागेल ते द्यायचं. नाही म्हणता येत नाही.

"माग, अझे! काहीही माग!" तोलगानाय म्हणाली.

"हा अंडी घालतो ना?"

"घालेल की. पुढच्या वर्षी बहुतेक."

"मग पहिलं पिल्लू माझं," अझे म्हणाली.

"आणि दुसरं माझं!" राबिगा आपांनी टेबलावर थाप मारली. "कुरणावर नवऱ्याला नेऊन दाखवीन. नुर्तायबरोबर नाही हं, मी स्वतः घेऊन जाईन!"

तोलगानायनं काकडीची एक चकती कापली आणि अझेच्या खांद्यावर ठेवली. तुल्पार तिकडे निघाला. त्याला तिथे पोहोचायला बराच वेळ लागला, आणि तोवर अझे जागची हलली नाही.